कुशाबाने न काढलेली चर

कुशाबा कशेडी घाटात मैलकुली होता. मैलकुली म्हणजे वाट्याला आलेला रस्ता राखणारा माणूस. दरड आली की दगड हटवायचे, खड्डा पडला की भरायचा, आणि पावसाआधी डोंगराकडची पाणी वाहून नेणारी चर उपसून ठेवायची. उभा जन्म त्याने चर काढली. "रस्ता गाडीनं मोडत नाय, पान्यानं मोडतो," असं तो म्हणे, आणि वरवर कुदळ मारणाऱ्याच्या हातातून कुदळ काढून घेई.

निवृत्त झाल्यावर तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला आपल्या वाडीत राहिला. वाडीचा रस्ता मातीचा, लोकांनीच खणलेला. दर वर्षी मृगाच्या आधी कुशाबा कुदळ खांद्यावर टाकून निघे. त्याच्या मागे शेजारचा हैबती, हैबतीच्या मागे वाडी. चर उघडी राही, म्हणून भर पावसातही जीप दारात येई.

लोकसभेच्या प्रचाराला उमेदवार वाडीत आला. देवळात नारळावर हात ठेवून म्हणाला, "निवडून आलो की पहिलं डांबर तुमच्या रस्त्याला." असलं बोलणं कुशाबाने पुष्कळ ऐकलं होतं. पण हा माणूस परत जाताना जीपमधून उतरला आणि आंब्याच्या वळणावर पायी चालला. रस्त्याला पाय लावणारा नेता कुशाबाने पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यावर तो विरघळला.

निकालाच्या दिवशी पुतण्या दीपेशच्या मोबाइलभोवती वाडी जमली. उमेदवार निवडून आला. कुशाबाने घरातला गूळ सगळ्यांना वाटला आणि त्याच मोबाइलवरून तुडीलला विहिणीला, चंद्रभागाबाईंना, फोन लावला. त्याचं शेंडेफळ, वैशाली, तुडीलला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं.

"गाडी दारात येनार असंल तर सून धाडते," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पोटुशीला डोंगर चढवायची नाय मी."

"अवो, डांबर येतंय! आमचा मानूस दिल्लीला गेला."

दोन दिवसांनी हैबती कुदळ घेऊन दारात उभा राहिला.

"चल रे, चरीला."

"कशाला? मशीन येऊन सगळं उकरनार. एक काम दोनदा करतो तो येडा."

"पावसात डांबर टाकतात व्हय रे? मैलकुली तू का मी?"

"खडी तरी पडंल."

पावसात डांबर पडत नाही हे कुशाबाला हैबतीपेक्षा जास्त ठाऊक होतं. ठाऊक असून तो बोलला. मैलकुलीच जात नाही म्हटल्यावर वाडीही गेली नाही. कुदळ आढ्याला अडकून राहिली.

मशीन आलं नाही. पाऊस आला. गेल्या वर्षीच्या पाल्याने आणि गाळाने चर तुंबली होती. पाणी रस्त्यावर चढलं, रस्त्यानेच खाली धावू लागलं, आणि आषाढातल्या एका रात्री आंब्याचं वळणच धुऊन घेऊन गेलं. कमरेइतकी घळ पडली.

दुसऱ्याच दिवशी वैशाली येणार होती. पावसात वाडीवर रेंज नव्हती, कळवणार कसं? जीप घळीच्या अलीकडे थांबली. पलीकडे कुशाबा कुदळ घेऊन उभा. मागे त्याची बायको आनंदीबाई, लेकीवरून ओवाळायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. मध्ये गढूळ लोंढा.

"आये!" वैशालीने जीपमधून हात बाहेर काढला.

"उतरू नको गो! पाय घसरंल!" आनंदीबाई ओरडली.

चंद्रभागाबाई छत्री घेऊन उतरल्या. घळीत डोकावल्या.

"व्याही," त्या म्हणाल्या, "तुमचा मानूस दिल्लीला पोचला. आमची सून तुमच्या दारात नाय पोचली."

जीप कशीबशी मागे वळली. बाळंतपण आता तुडीलला होणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"फसवलं रे आपल्याला," मागून आलेला हैबती म्हणाला.

"त्यानं डांबर सांगितलं व्हतं," कुशाबा म्हणाला. "चर काढीन असं कुठं सांगितलं व्हतं?"

आनंदीबाईने जीपच्या दिशेने भाकरतुकडा तिथूनच ओवाळला आणि घळीत टाकला. तांब्यातलं पाणीही ओतलं. लोंढ्यात ते दिसलंसुद्धा नाही.

कुशाबा चरीत उतरला आणि पाला उपसू लागला.

"आता कोनासाठी?" तिने विचारलं.

त्याने कुदळीने गाळ ओढून बाहेर टाकला. हैबती कुदळ आणायला घरी गेला.