गयाबाईची सावड

पुणे सोडताना माझ्या पिशवीत दोन साड्या, बाकरवडीचा एक पुडा आणि डोक्यात जगण्याची बरीच कारणं होती. गाडी सुटल्यावर मी ती मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिली. शाळेत असताना मी मुलांकडून वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घ्यायचे. त्यामुळे माझ्या भाच्याचा, प्रशांतचा, असा समज आहे की मावशी बोलली की समोरचा ऐकतो. माझ्या एकाही विद्यार्थ्याशी त्याची ओळख नसावी.

त्याचा फोन आला होता तो असा: "मावशी, मायनं ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. म्हणते, आता कायले घ्याच्या अन् कायले जगाचं. तू येऊन समजाव तिले."

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, निर्मलाअक्का. तिला वाशीम जिल्ह्यात अनसिंगला दिली त्याला आता जन्म लोटला. तिची भाषाही कधीच तिकडची झाली. तिचे यजमान, तात्या, गेल्या पावसाळ्यात गेले. प्रशांतचं दुकान रिसोडला आहे. तो तिला तिकडे चल म्हणतो, ती जात नाही. खरं सांगायचं तर या कामाला मी फारशी लायक नव्हते. निवृत्त झाल्यापासून मी सकाळी उठते ती पडून पडून पाठ दुखते म्हणून. पण हे भाच्याला कशाला सांगा.

वाशीमला उतरले तेव्हा सकाळ होती आणि ऊन मात्र दुपारचं होतं. स्टेशनबाहेर चहा घेतला. चहावाल्याने साखर इतकी घातली होती की चमचा उभा राहिला असता, पण मी तो संपवला. स्टँडवर अनसिंगची एस.टी. लागलेलीच होती. खिडकीतून रानं दिसत होती, नांगरून पडलेली, काळी. मधेच एका शेतात उकडलेली हळद वाळत घातली होती आणि तिचा वास गाडीत येऊन गेला. बाकी सगळं सुकलेलं असताना कडुनिंब तेवढे फुलले होते.

शेजारी एक बाई कैऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला नीट न्याहाळलं.

"कोण्या गावच्या व्हय तुमी?"

"पुण्याची."

"मंग एवढ्या उन्हाचं इकडं कायले आल्या?"

"बहिणीकडे. तिला आता जगावंसं वाटत नाही म्हणते."

बाईंनी यावर विचार केला. "जेवते काय?" त्यांनी विचारलं.

"जेवत असावी."

"जेवत असन त काई होत नाई," असं म्हणून त्यांनी मला एक कैरी दिली आणि विषय संपवला. माझ्या सगळ्या भाषणात जेवणाचा उल्लेख नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

अक्का दारातल्या बाजेवर (खाटेवर) बसली होती. वाळली होती. मला पाहून ती उठली, म्हणजे निम्मी उठली, खांबाला धरून थांबली आणि मग पूर्ण उठली. "आली काय व? पाय धू," एवढंच म्हणाली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा समोर आला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तिने शांतपणे दुसरी भाकर घेतली. एस.टी.तल्या बाईंच्या हिशेबाने काळजीचं कारण नव्हतं. पण गोळ्यांची पाकिटं कॅलेंडरमागे खोचलेली दिसत होती आणि त्यांतलं एकही फोडलेलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी सुरुवात केली. सूर्योदयापासून केली, कारण स्पर्धेत तिथूनच करतात.

"सूर्य त रोजच निंगते," अक्का म्हणाली. "त्याले मी कायले पायजे?"

मी नातवंडांकडे वळले.

"ते मोबाईल पायतात. मी बी पायतो त्यायच्याकडं, मंग थे म्हणतात, आजी, उजेड सोड."

मी आयुष्य सुंदर आहे म्हणाले. तिने सुपारी कातरली. "असन बप्पा," ती म्हणाली. "माया काई त्याच्याशी झगडा नाई. पन तात्या होते त चहा कराले तरी उठा लागे." हे ती काही मनाला लावून घेतल्यासारखं बोलली नाही. भाजी संपली हे सांगावं तसं बोलली.

संध्याकाळी शेजारच्या गयाबाई आल्या. धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या, कुंकवाएवढाच मोठा चष्मा. "निर्मलाबाई, उद्या येतं काय व? भिजवू काय कणीक?"

"उद्या नाई जमत. परवा पाहू."

"तुयं परवा आयकता आयकता आंबे पिकाले आले," असं म्हणून त्या गेल्या. रागावलेल्या मात्र वाटल्या नाहीत.

हे काय प्रकरण ते अक्काने सांगितलं. इकडे उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका सावड करतात, म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या घरी राबायचं, उद्या माझ्या. कुरड्या, शेवया आणि मुख्य म्हणजे सरगुंडे. कणकेची दोरीसारखी बारीक वळी करून ती एका काडीवर गुंडाळत जायची, मग काडी अलगद ओढून घ्यायची. पोकळ नळी राहते, ती वाळवून ठेवायची आणि खाताना शिजवून आंब्याच्या रसात बुडवायची. गेल्या उन्हाळ्यात तात्या अंथरुणाला खिळलेले होते. बायकांनी येऊन अक्काच्या घरचं सगळं करून दिलं, पण तिला कुणाकडे जाता आलं नव्हतं. ती सावड तिने यंदा घरोघर जाऊन फेडली. फक्त गयाबाईंची राहिली होती.

"तात्याईनं अखेरीले आवडीनं काई खाल्लं असन, त थे सरगुंडेच," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला चक्कर आली. फार नाही, पण बाजेवर पडून राहावं लागलं. मी गोळी पुढे केली, तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यातच कुंपणापलीकडून गयाबाईंची हाक आली. मला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर या सावडीचं ओझं आहे. ते उतरलं तर बरं वाटेल. बोलून काही होत नव्हतं, निदान हात तरी उपयोगाला येतील. मी पदर खोचला आणि तिच्या नावाने गयाबाईंकडे गेले.

"तुमी कायले?" गयाबाई म्हणाल्या. "तिलेच येऊ द्या. मले काई घाई नाई."

"माझी बहीण काय आणि मी काय, एकच," मी म्हणाले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण पुण्याच्या पाहुणीला नाही कसं म्हणणार? त्यांनी मला काडी दिली. त्यांच्या काड्यांवरून नळ्या सरसर उतरत होत्या. माझी वळी मधे जाड, टोकाला बारीक व्हायची, आणि काडी ओढली की कणीक काडीबरोबरच यायची. तरी मी दिवस कलेपर्यंत चिकाटीने बसले. मी किती छान करते आहे, असं एकीनेही म्हटलं नाही, पण मी ते त्यांच्या स्वभावावर घातलं.

घरी येऊन मी उंबऱ्यातूनच सांगितलं, "अक्का, तुझी सावड फेडून आले. आता गयाबाईंचं तुझ्यावर काही नाही."

अक्का उठून बसली. मग म्हणाली, "कोनं सांगतलं होतं तुले?"

"तुला बरं नव्हतं ना."

"थे एकच राह्यलं होतं व माया अंगावर," ती म्हणाली. "रोज गया इचारे, रोज मी परवा म्हनो. पुरवून पुरवून ठेवलं होतं म्यां. तू एका दिवसात फेडून आली."

आणि ती रडली. तात्या गेले तेव्हा मी आले होते, तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिला जगण्याची कारणं द्यायला आले होते, आणि तिच्याकडे होतं ते एकुलतं एक मी जाऊन संपवून आले होते. मला माझीच भयंकर लाज वाटली. बाकरवडी पुढे केली, ती तिने घेतली नाही.

त्या रात्री आम्ही दोघी लवकर झोपलो. सकाळी दारात गयाबाई उभ्या होत्या. हातात परात होती आणि परातीत मी केलेले सरगुंडे होते. वाळता वाळता ते उलगडले होते. काही तडकले होते, काही नुसते पसरले होते. एकात तर काडीच राहून गेली होती.

"निर्मलाबाई, हे काय व्हय?" गयाबाईंनी परात तिच्या मांडीवर ठेवली. "हे मी सावडीत धरत नाई. माह्यी सावड तशीच हाय तुयावर. तूच ये."

अक्काने एक नळी उचलली. दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा नळीकडे.

"हे तू केलं?"

"हो."

"म्हशीपुढं बी टाकता यायचं नाई," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला. मी इतका अपमान इतक्या आनंदाने कधी सहन केला नव्हता.

"मंग येतं काय?" गयाबाईंनी विचारलं.

"येतो."

"आंधी गोळी घे. चक्कर येऊन माया कणकेत पडशीन."

अक्काने कॅलेंडरमागे हात घातला, गोळी काढली आणि पाण्याशिवाय गिळली. सूर्योदय, नातवंडं आणि आयुष्याचं सौंदर्य यांना जे जमलं नाही ते गयाबाईंच्या कणकेने केलं. मी फक्त पाणी आणून दिलं, तेही उशिरा.

त्या दिवशी अक्काने दुपार उलटेपर्यंत सरगुंडे केले. तिचा हात चालताना पाहत बसावं असा होता. मला परातीपासून दूर बसवलं होतं. पण घरी परतताना माझ्या मनात पुन्हा धाकधूक सुरू झाली. आता तर सावड खरोखरच फिटली. आता उद्या काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात हजर. गयाबाई कणीक घरूनच भिजवून घेऊन आल्या होत्या.

"मले एकटीले कायले पायजेत सरगुंडे?" अक्का म्हणाली.

"तुले कोन देते?" गयाबाई म्हणाल्या. "तुया बहिणीले पुण्याले न्याले. तिच्यानं त होत नाईत." आणि त्यांनी फतकल मारली. अक्का कुरकुरत चहा ठेवायला गेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "आता ह्या समद्यायच्या घरी अजून जा लागते मले!" गयाबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि वळी काढू लागल्या.

निघताना अक्का फाट्यापर्यंत आली. सरगुंड्यांचा डबा माझ्या हातात देत म्हणाली, "फुकट नाई देत मी. हे तुयावर सावड हाय. पुढच्या उन्हाळ्यात येजो अन् फेडजो. अन् हात बसवून येजो, गया धरत नसते."

"तू असशील ना?" मी विचारलं.

"असा लागन," ती म्हणाली. "नाईतर तुयी सावड घेईन कोन?"

पुण्याला घर होतं तसंच होतं. बंद, आणि माझ्याशिवाय त्याचं काही अडलेलं नव्हतं. प्रशांतचा फोन आला, आई गोळ्या घेते आहे, तू काय बोललीस तिच्याशी? मी म्हणाले, बरंच काही. आता मी सकाळी उठते, मूठभर कणीक भिजवते आणि विणकामाची सुई घेऊन खिडकीत बसते. कालच्यातली एक नळी सुईवरून अख्खी उतरली. ती मी खाल्ली नाही, अक्काला दाखवायला वाळत ठेवली आहे.