पट्ट्याचे माप

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, सांगलीच्या एका मंगल कार्यालयात, फोटोग्राफर शिरीषकाकांनी पत्नीचा कॅमेरा पहिल्यांदाच कामासाठी हातात घेतला. लग्नात आडवे फोटो ते काढत, उभे फोटो मालतीकाकू. त्यासाठी काकूंनी कॅमेऱ्याखाली बॅटरी ग्रिप बसवली होती. तिच्यात दोन बॅटऱ्या मावतात, उभ्या फोटोसाठी वेगळे बटण असते. बाजूला हात अडकवायचा पट्टा होता.

नवरीच्या आत्यांनी विचारले, "अहो, काकू कुठायत? आमचे पदर कोण सारखे करणार?"

"आषाढात गेली ती."

आत्यांनी आपला पदर आपणच सारखा केला.

पट्टा काकूंच्या हाताच्या मापाचा होता. काकांची बोटे अर्ध्यावरच अडकत होती. व्हिडिओवाले देशमुख हसले. "काका, कॅमेरा आहे की बांगडी? आणा इकडे, सैल करून देतो."

"नको. तिचं माप जाईल."

माणूस गेल्यावर त्याचे माप काही काळ वस्तूंत राहते: सायकलच्या सीटच्या उंचीत, चष्म्याच्या वाकलेल्या काडीत. दुसऱ्याने वस्तू वापरायला घेतली की ते पुसले जाते. न वापरावी, तर ती कपाटात पडून राहते.

अक्षता पडल्या. काकांनी कॅमेरा उभा केला, खालून डाव्या हाताचा आधार दिला आणि ग्रिपचे बटण दाबले. पंगती उठेपर्यंत सगळे उभे फोटो काढून झाले होते. कॅमेरा बॅगेत गेला, तेव्हा पट्ट्याचे बक्कल जुन्याच खुणेवर होते.