भिंतीवर एक जिवंत माणूस

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की रिकामं करता येतं. घरच्यांचे फोटो काढताना साठलेले किस्से कुठे रिकामे करायचे? मैत्रिणी आता मला पाहून रस्ता बदलतात, म्हणून तुम्हाला सांगते.

जळगावला कॉलेज संपलं आणि मी सेकंडहँड कॅमेरा घेतला. आमच्या असोद्याच्या घरी बैठकीच्या भिंतीवर ओळीने फोटो आहेत. सगळे गेलेल्यांचे, आणि एकही माणूस हसत नाही. मला त्या ओळीत एक जिवंत, हसरा माणूस लावायचा होता. माझे आजोबा, आबा.

आबा म्हणाले, "माझी तयारी चालवली का वं?"

"आबा, जित्या माणसाचाही फोटो लावतात!"

"तो मोबाइलात. भिंतीवर गेला तो गेलाच."

या माणसांशी वाद घालणं म्हणजे! म्हटलं, आबांचं मन वळेपर्यंत बाकीच्यांवर हात बसवून घेऊ.

*

पहिले पप्पा. त्यांना केळीच्या बागेत उभं केलं. मागची बाग धूसर, पप्पा एकदम शार्प. मी स्वतःवरच खूश! पप्पांनी चष्मा लावला, झूम केलं, पुन्हा झूम केलं.

"घड कुठेत?"

"मागचं मुद्दाम ब्लर केलंय पप्पा. माणूस उठून दिसतो."

"माणूस रोजच दिसतो गं! असा घड पुन्हा येतो का?"

हुकूम झाला, दुसरा फोटो काढला. त्यात घड शार्प आहे, पप्पा ब्लर. आज तोच त्यांचा डीपी आहे!

*

मग अक्का, म्हणजे आजी. तिला ऊन लागू नये म्हणून दाट पानांखाली बसवलं. केळीच्या पानांतून उतरलेला उजेड हिरवा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांना कळलं नाही, कॅमेऱ्याला बरोबर कळलं. फोटोत अक्काचं तोंड हिरवंगार!

अक्काने फोटो शांतपणे पाहिला. म्हणाली, "मले पण पिकायला टाका आता."

*

धुळ्याला धाकटी आत्या असते. तिला आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, आदल्या दिवशीच बजावलं होतं, कोवळं ऊन पाहिजे, सातला गच्चीवर या. पण चहा, आंघोळ, पूजा, नाश्ता, परत चहा! गच्चीवर आले तेव्हा सूर्य डोक्यावर, आणि दोघांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या.

खालून उजेड पाडायला मी आत्याच्या हातात स्टीलची परात दिली. शेजारच्या गच्चीवरून लगेच आवाज आला, "काय वं, पापड कोठे शेतस?" म्हणजे, परात आहे तर पापड कुठे आहेत?

आत्या हसून हसून बेजार. काकांचा चेहरा मात्र ढिम्म.

"काका, हसा ना!"

"जावई हसला की मान जातो."

"मग रडा! काहीतरी करा!"

"मी लग्नात हसलो नाही आणि मयतीत रडलो नाही. तू काढ फोटो."

असोद्याला येऊन हे आबांना सांगितलं. ते नुसतं म्हणाले, "अस्सं?"

*

आबांचा फोटो मात्र मिळाला! संध्याकाळी ते बांधावर बसले होते, तिरपं ऊन बरोबर गालावर. "तुमचा नाही, निंबाचा काढते," असं खोटं सांगत मी कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकले. ठिबकची नळी कुठेतरी फुटली होती, सरीत चिखल. मी धाडकन उताणी!

आबा असे हसले की उरलेले चारही दात दिसले. मी पडल्या पडल्या बटण दाबलं.

अक्का फोटो पाहून म्हणाली, "लगनात पण असे हसले नव्हते हे!"

आबा स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लाव बापा तुझ्या भिंतीवर."

मी जिंकले! मोठी फ्रेम केली, ओळीत शेवटी खिळा ठोकला.

*

मग आखाजी आली. त्या दिवशी गेलेल्या पितरांचं जेवण असतं आणि सासरच्या लेकी माहेरी येतात. सकाळी अक्काने भिंतीवरच्या सगळ्या फोटोंना ताजे हार घातले. सगळ्या म्हणजे सगळ्या!

मी ओरडले, "अक्का, आबांना कशाला?"

"एक हार उरला होता. आणि बाकीच्यांना घालून यांनाच नाही, बरं दिसतं का?"

मी हार काढायला स्टूल शोधत होते, तेवढ्यात यावलची मोठी आत्या दारात. तिची नजर भिंतीवर गेली. हातातली पिशवी खाली पडली आणि तिने असा हंबरडा फोडला की अर्धी गल्ली गोळा झाली.

"आबा होऽऽ! अरे मला कळवलं पण नाही रे!" ती पप्पांच्या छातीवर बुक्क्या मारत होती.

मागच्या दारातून आबा आले. तोंडाला आमरस.

"कोण गेलं वं?"

आत्याने एकदा फोटो पाहिला, एकदा आबा पाहिले आणि मटकन खाली बसली. मग आबांच्या गळ्यात पडून आधीपेक्षा जोरात रडली. आबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, पण चेहऱ्यावर तोच फोटोतला आनंद.

एकदाचं सापडलेलं स्टूल घेऊन मी भिंतीकडे गेले. हाराला हात लावणार, तोच आबांनी मनगट धरलं. एक खुर्ची उचलून ते मधल्या खोलीच्या दाराआड जाऊन बसले, फटीपुरतं दार उघडं ठेवून.

"राहू दे हार," ते आतून म्हणाले. "धुळ्याचा जावई यायचा हाये अजून. तू कॅमेरा काढ!"