छताचं पाणी आणि चौथं बोअर

हर्सूलच्या रस्त्यावर, आमच्या घरामागचा पेट्रोल पंप बंद झाला, तेव्हा त्याच्या जमिनीतल्या टाक्या गळत असल्याचं उघड झालं. पंपाच्या कंपनीनं पाणी तपासायला चार बोअर घेतली. चौथं माझ्या कंपाउंडमध्ये, शेजारच्या मावशींच्या भिंतीला लागून. पंपाच्या जागेवर खालचं पाणी उपसून गाळणारं मशीन बसवलं. दर तीन महिन्यांनी एक तंत्रज्ञ यायचा, टेप सोडून पातळी मोजायचा, बाटल्या भरून न्यायचा. चारही बोअरचे आकडे त्याला विचारून मी वहीत उतरवायचो.

मावशी एकट्या. नळाला पाणी आठवड्यातून एकदा. बाकी सगळं त्यांच्या बोअरवर. त्या पाण्याला पेट्रोलचा वास, धुतलेल्या साडीलाही. "मशीन चालू हाय तवर आशा हाय," म्हणायच्या.

उन्हाळ्यात मी छताचं पाणी जमिनीत मुरवायला घेतलं. प्लंबर म्हणाला, "काका, नवा खड्डा कशाला? हे भोक तयारच हाय की." मला पटलं. झाकणाच्या कुलपाला हात न लावता त्यानं जमिनीखाली बोअरच्या पाइपाला छताचा पाइप जोडला आणि वरून सिमेंट थापलं. अकराशे चौरस फुटांचं छत. वाया जाणारं पाणी जिरवलं, याचं मला समाधान होतं.

पावसाळ्यात तंत्रज्ञानं बाटली हुंगली. "काका, हे तर जारचं पाणी झालं!" पुढच्या खेपेलाही तेच. बाकीच्या तिन्ही बोअरचे नमुने आधीच स्वच्छ आले होते, काम माझ्या बोअरपाशी अडलं होतं. आता चारही साफ म्हणून हिवाळ्यात कंपनीनं मशीन ट्रकवर चढवून नेलं.

"तुमच्याकडं साफ, अन् माझ्याकडं वास? मधी भिंत एकच हाय," मावशी म्हणाल्या. त्यांची समजूत काढायला मी वही उघडली. पावसात माझ्या बोअरची पातळी अकरा फूट चढली होती, बाकीच्या तिन्हींची चार. पाऊस तर चारही बोअरवर सारखाच पडला होता; छताचं पाणी फक्त माझ्यात उतरलं होतं.

मी कंपनीच्या कचेरीत जाऊन पाइपाचं सांगितलं. साहेब म्हणाले, "पावसाचं पाणीही जमिनीतलंच होतं ना शेवटी? आणि पाइप विनापरवाना तुम्ही जोडला, हे लेखी देताय?"

"देतो."

"ठेवून जा."

चार महिने झाले, कुणी आलं नाही. पाइप मी त्याच दिवशी तोडला. पण बोअरच्या झाकणाला कुलूप कंपनीचं, त्यामुळे आत काय आहे ते मला कळत नाही.

मावशींना सगळं सांगितलं. त्या बादलीत कपडे भिजवत होत्या.

"म्हंजे मशीन तुमच्यामुळं गेलं."

"हो."

"एवढं लिहून ठेवता, अन् दिसलं नाय?"

"नाही दिसलं."

"मला विचारायचं व्हतं. मी रोजच वास घेते की." त्यांनी मोटार चालू केली आणि बादली नळाखाली सरकवली.