सिद्रामप्पांचा ठहराव

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सरकी पेंडेचं दुकान चालवणारा माणूस तोडी रागातल्या गंधार सुरावर तासभर बोलू शकतो, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. सिद्रामप्पांच्या गिऱ्हाइकांना मात्र त्याची सवय होती. पोतं काट्यावर चढलेलं असायचं, गिऱ्हाईक घाईत असायचं आणि अप्पा हात वर करून म्हणायचे, "थांबा जरा, एवढी जागा जाऊ द्या." जागा म्हणजे गाण्यातली. मग मोबाइलमधली ती तान समेवर येईपर्यंत म्हशीची पेंड खोळंबायची. गिऱ्हाईक मनातल्या मनात शिव्या देत असणार, पण माल चोख मिळतो म्हणून पुन्हा तिथंच यायचं.

जिल्ह्यातल्या ऐकणाऱ्या मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. नाव 'काय ऐकायलाव'. पूर्णेचे भागवतराव, रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, त्यांनी तो काढला होता. सकाळी आपण काय ऐकतोय ते लिहायचं, जमलं तर गाणंही टाकायचं, एवढाच नियम. सुप्रभातची फुलं टाकणाऱ्याला भागवतराव सरळ गाडीतून उतरवून द्यायचे. या ग्रुपात अप्पांचा शब्द शेवटचा मानला जाई. कुणी कितीही मोठ्या गवयाचं गाणं टाकलं तरी सगळे वाट बघायचे ती अप्पांच्या अभिप्रायाची. तो बहुतेक वेळा दोनच शब्दांचा असायचा. "ठहराव हाय." किंवा "ठहराव न्हाई." दुसरा अभिप्राय आला की गाणं टाकणाऱ्याचा दिवस वाया जायचा.

हा ठहराव, म्हणजे सुरावर निवांत थांबणं, अप्पांना एका कॅसेटनं शिकवला होता. तीसेक वर्षांपूर्वी नांदेडच्या एका दुकानात त्यांना ती मिळाली. कुठल्याशा मैफलीत भरलेली, एका बाईंची तोडी. बाई फारशा गाजल्या नाहीत, लवकर गेल्या, त्यांचं दुसरं काही कुठं मिळत नाही. अप्पांकडं तेव्हा नुकतंच एक कॅसेट वाजवायचं मशीन आलं होतं, तेही भागवतरावांकडूनच घेतलेलं. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पूजेला बसायचे आणि शेजारी ही तोडी लागायची. आवाज रुंद, खालचा. बाई एका सुरावर येऊन थांबल्या की पुढं जायची त्यांना कसली घाई नसायची. वडील गेले त्या वर्षी अप्पा या गंधारावर रोज रडले. धाकटी लेक रुद्राणी सासरी गेली तेव्हाही रडले. विभूती लावलेल्या कपाळाचा हा जाडजूड व्यापारी पूजेत का रडतो, हे शेजारपाजारच्यांनी कधी विचारलं नाही. भक्ती असेल असं त्यांनी धरून चाललं.

यातूनच अप्पांनी एक सिद्धांत काढला होता. रेडिओ आणि मोबाइल गाण्याला पळवतात आणि आवाज पातळ करतात. खरं गाणं ऐकावं तर कॅसेटवर. त्यांच्याकडच्या सगळ्याच कॅसेटींत गवई शांत वाटायचे, म्हणजे सिद्धांताला पुरावाही भरपूर होता. ग्रुपवर हे ते इतक्यांदा सांगून चुकले होते की जिंतूरच्या एका सभासदानं अडगळीतलं मशीन काढून झाडूनपुसून वापरायला घेतलं.

जिंतूरचेच सुगत सर, शाळेत विज्ञान शिकवणारे, एका रविवारी ग्रुपवर आले. त्यांच्या हाती त्या मैफलीचं मूळ ध्वनिमुद्रण लागलं होतं. ते त्यांनी स्वच्छ करून टाकलं आणि खाली लिहिलं, "अप्पा, खास तुमच्यासाठी."

अप्पांनी दुकानात बसून ते लावलं आणि पहिल्या आलापालाच त्यांचं तोंड कडू झालं. आवाज उंच, बारीक. बाई थांबायच्या जागी थांबत होत्या खऱ्या, पण लगेच निघत होत्या. "ही बाई ती न्हाई," त्यांनी लिहिलं. "कुणीतरी नक्कल केली. ठहराव अजिबात न्हाई."

सुगत सरांनी अदबीनं उत्तर दिलं, "अप्पा, पहिल्या समेच्या आधी मैफलीत कुणीतरी खोकतं. तुमच्या कॅसेटीत खोकतं का, तेवढं बघा."

कॅसेटीत खोकत होतं. अप्पांना तो खोकला स्वतःच्या खोकल्याइतका पाठ होता. दुपारी दुकान बंद करून ते घरी गेले, मशीनशेजारी मोबाइल ठेवला आणि दोन्हीकडं खोकल्यापासून गाणं सुरू केलं. दोन-तीन आवर्तनांत मोबाइल पुढं निघून गेला. पट्टी म्हणजे गाणाऱ्यानं धरलेला मूळ सूर. तीही मशीनवर एका अख्ख्या सुरानं खाली होती. गाणं तेच, बाई त्याच, खोकणाराही तोच. फक्त अप्पांचं मशीन हळू होतं.

त्यांनी पूर्णेला फोन लावला.

"आं? ते मशीन?" भागवतराव हसले. "आवं ते पयल्यापासूनच सुस्त व्हतं. म्हणून तर तुमाला दिलं. मला वाटलं, तुमाला ठाव असंल."

"मला कसं ठाव असंल?" अप्पा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्यांना खरंच वाईट वाटलं. लाज वाटली ती वेगळीच, पण लाजेखाली आणखी काही होतं. ज्या आवाजानं वडिलांच्या दुःखात त्यांना धरून ठेवलं, तो आवाज कुठल्याच बाईचा नव्हता. अशी बाई कधी जन्माला आलीच नव्हती. जिनं ती तोडी गायली तिला त्यांनी उभ्या जन्मात एकदाही ऐकलं नव्हतं, आणि जेव्हा ऐकलं तेव्हा नक्कल म्हणून हिणवलं. मशीनच्या एका बिघडलेल्या मोटारीवर आपण जीव लावला, असं त्यांना वाटत राहिलं. दोन दिवस दुकानात मोबाइल बंद होता. गिऱ्हाइकांना पेंड झटपट मिळत होती आणि तेच त्यांना चमत्कारिक वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी ग्रुपवर लिहिलं, "सुगत सर बरोबर हायेत. माझं मशीन हळू चालतं. इतकी वर्षं मी चुकीचं ऐकलं अन् तुमालाबी चुकीचं शिकवलं. माफी असावी."

सगळ्यांनी सांभाळून घेतलं. तरी परभणीच्या एकानं 'म्हणजे ठहराव मोटारीचा निघाला' असं लिहून हसणारी तोंडं टाकलीच. अप्पांनी ते वाचलं आणि मोबाइल गल्ल्याशेजारी पालथा ठेवला.

भागवतरावांना मात्र चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी ते पॅसेंजरनं सेलूला आले, मशीन उघडलं, मोटारीवरचा एक बारीक स्क्रू शोधला आणि मोबाइलशी पट्टी जुळेपर्यंत फिरवला. "एवढंच व्हतं बगा," ते म्हणाले. अप्पांना तेही लागलं. निघताना पेचकस मशीनवरच राहिला.

सकाळी अप्पा पूजेला बसले आणि दुरुस्त मशीनवर तोडी लावली. आता तरी बाईंना नीट ऐकू, त्यांचं देणं लागतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आवाज उंच होता, हलका होता, आणि लक्ष देऊन ऐकल्यावर वाईट तर मुळीच नव्हता. बाई तयारीच्या होत्या. अप्पांना हे कबूल करावं लागलं, पण डोळे काही भरून आले नाहीत.

मग गंधार आला, बाई त्यावर क्षणभर टेकल्या आणि पुढं गेल्या. गंधार मात्र मागं राहिला. खालचा, रुंद, जुन्या पट्टीतला. मशीन पुन्हा बिघडलं की काय म्हणून अप्पांनी डोळे उघडले. टेप तर पुढं वाजत होता. त्यांनी उजव्या हातानं बटण दाबून तो बंद केला. आवाज चालूच होता. त्या सुरावरून तो सावकाश, कसलीही घाई न करता षड्जावर उतरला. येत होता स्वयंपाकघरातून.

"काय झालं? लाइट गेली का?" अप्पांच्या बायकोनं, नीलम्मांनी, आतून विचारलं.

"न्हाई." अप्पांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली. "तू गायलीस?"

"मी? छ्या! टेपासंगं आपलं गुणगुणायलेय. पर आज ही बाई लयच पळायलीय. माझं जुळंनाच."

"कवापासून म्हणायलीस?"

"टेप आणला तवापासून की." परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला.

"मग मला कसं कधी ऐकू आलं न्हाई?"

"तुमी बाईला ऐकत व्हताव की."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते अप्पांच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं एक बाई भिंतीपलीकडं त्यांच्या मशीनच्या सुरात सूर मिसळून गात होती, इतका मिसळून की वेगळा ऐकूच येऊ नये. जिल्ह्याला ऐकायला शिकवणाऱ्या माणसाला ती ऐकू आली नाही. पूजा उरकून ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "नीलम्मा, एकदा म्हण."

"तुमच्यापुढं? मला न्हाई बाई येत." त्यांनी मान खाली घालून पीठ मळायला घेतलं. "अन् त्या बाईच्या मागं पळणं मला व्हायचं न्हाई आता."

अप्पा परत मशीनपाशी गेले. झाकण काढलं, पेचकस घेतला, टेप लावला आणि स्क्रू उलटा फिरवला. किती फिरवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आता?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"आजून वर हाय."

त्यांनी आणखी फिरवला. बाईंचा आवाज खाली येत गेला. "आता?"

"जराशी घाईच हाय आजून."

त्यांनी केसभर फिरवला आणि हात थांबवला. "आता?"

 नीलम्मा गायला लागल्या होत्या.