अंगठ्याला लागलेलं कुंकू

माझा नवरा फौजेत आहे, आणि फौजेतही अशा तुकडीत की तिचं नाव कुणाला सांगायचं नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं गेलं. कुणी विचारलं की मी सांगते, "स्टोअरला असतात." शहाडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना स्टोअरमध्ये काही रस नसतो, त्यामुळे पुढचे प्रश्न टळतात. आमचा संसार बराचसा फोनवर झाला. तो फोनही कुठल्या नंबरवरून आणि कधी येईल याचा भरवसा नाही, आणि उलटा लावायची सोय नाही. एकदा मी आंघोळीला गेलेले असताना त्यांचा फोन येऊन गेला आणि त्यानंतर कितीतरी आठवडे आलाच नाही. तेव्हापासून मी फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून बाथरूममध्ये नेते आणि खिडकीत ठेवते. सासूबाई आधी हसायच्या. आता त्याच पिशव्या धुऊन वाळत घालतात.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर हे रजेवर आले. एरवी पहिले दोन दिवस झोपून काढतात, जेवायलासुद्धा उठवावं लागतं. या वेळी मात्र हॉलमध्ये उभे. उजवा हात सारखा कमरेशी जायचा, झटकन वर यायचा, अंगठा खाली दाबला जायचा, आणि मग तोंडातल्या तोंडात स्वतःलाच शिवी. मला वाटलं, कंबर धरली असेल. मी वागळे इस्टेटमध्ये टूलबॅगा शिवणाऱ्या एका युनिटमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर मशिनच्या आवाजाने डोकं उठलेल्या बाईला संध्याकाळी कुणाच्या कमरेचं कौतुक नसतं. "बाम कपाटात आहे" एवढं सांगून मी भाकऱ्यांना लागले.

ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, आमचं पिस्तूल बदललं."

इतक्या वर्षांत नोकरीतली एकही गोष्ट या माणसाने घरात आणली नव्हती. मी गॅस बारीक केला.

त्यांच्या सगळ्यांना आता एकच नवीन पिस्तूल मिळालं होतं. जुन्याला अंगठ्याजवळ एक छोटा खटका असायचा. पिस्तूल काढलं की अंगठ्याने तो खाली दाबायचा, मगच गोळी सुटायची. नव्याला तो खटकाच नाही. पण साधारण त्याच जागी दुसरा एक आहे. गोळ्या संपल्या की पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो आणि त्या खटक्यावर अडकून राहतो, म्हणजे हाताला कळतं की संपल्या, आता नवीन भरा. ह्यांचा अंगठा जुन्या सवयीने खाली यायचा तो नेमका त्याच्यावर बसायचा. मग वरचा भाग अडकायचाच नाही, आणि ह्यांना वाटायचं की अजून गोळी आहे.

"मग घोडा दाबला की नुसतं टक् होतं," ते म्हणाले. "पोरांना काही प्रॉब्लेम नाही, त्यांचा हात कोरा आहे. मी जुनं इतकं केलंय की डोक्याला कळतं, पण अंगठ्याला नाही कळत."

"मग आता?"

"परत गेलो की टेस्ट आहे. नाही जमलं तर टीममधून बाहेर."

"म्हणजे घरी?"

"घरी कसला! कुठेतरी बसवतील. क्वार्टर मिळेल. तुला नेता येईल." हे शेवटचं ते एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं बोलले.

खरं सांगते, मला आनंद झाला. भाकरी उलटताना हात हलका झाला. मी थकले होते, आणि हा थकवा कामाचा नव्हता, काम तर सगळ्याच बायका करतात. हा कान टवकारून बसण्याचा थकवा होता. कुठे काही झाल्याची बातमी लागली की सासूबाई चॅनेल बदलायच्या आणि मी उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घ्यायचे. नापास होऊ देत, मी मनात म्हटलं. बसू देत एका खुर्चीत, सुटू देत पोट.

जेवताना मात्र मी विचारलं, "टक् झालं तर काय होतं?"

"टक् आपलं होतं," ते भात कालवत म्हणाले. "समोरच्याचं होत नाही."

त्या रात्रीपासून माझं गणित बदललं. नापास झाले तर मला हवंच होतं. पण परीक्षेपुरता अंगठा सांभाळला, पास झाले, आणि नंतर खरी वेळ आली तेव्हा तो खाली गेला तर? अर्धवट पास होणं मला परवडणार नव्हतं. व्हायचं तर नीट व्हा, नाहीतर सरळ नापास होऊन या.

आमच्या युनिटच्या शेजारच्या गाळ्यात लाकडाचे साचे बनवतात. "नाटकातलं पिस्तूल हवंय" असं सांगून मी तिथून एक लाकडी तुकडा तासून घेतला. यांनी कागदावर काढून दिलं होतं तसा, खटक्याच्या जागी बारीक उंचवटा ठेवून. उरलेल्या कॅनव्हासचं कव्हर मीच शिवलं. मग रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये देशाचं रक्षण सुरू व्हायचं, बर्मुड्यावर पट्टा बांधून. पडदे ओढलेले, टीव्ही चालू, आणि साताऱ्याकडच्या माझ्या सासूबाई पलंगावरून ओरडायच्या, "आरं, बाजूला सरक की! मला काय दिसंना."

माझं काम एकच. अंगठा खाली गेला की ओरडायचं, "अंगठा!" पण हात इतका चपळ की माझ्या डोळ्यांना दिसायचाच नाही. ते म्हणायचे नाही गेला, मी म्हणायचे गेला. शेवटी मी देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि लाकडावरच्या उंचवट्याला तेलात कालवलेलं कुंकू लावलं. आता वाद मिटला. अंगठा लाल तर गुन्हा सिद्ध.

"कुंकवाशी असला खेळ करू नये गं," सासूबाई म्हणाल्या.

"मग काय लावू? लिपस्टिक?" मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी करंडा भरून ठेवलेला होता.

पहिल्या काही दिवसांत अंगठा लालेलाल. मग लाली कमी होत गेली. दहा वेळा काढलं तर दोनदा लागायचं, कधी एकदा. मी कामावरून येऊन चप्पल काढायच्या आत उभी राहायचे आणि ओरडायचे. कंटाळा यायचा, पाय दुखायचे, तरी एकही "अंगठा!" मी गिळला नाही. ते वैतागायचे, मीही वैतागायचे. एकदा मी म्हटलं, "अहो, भाजी कापायला बसवलं असतं तरी एवढ्यात शिकला असतात." त्यावर ते पहिल्यांदा हसले, आणि पुढच्याच वेळी अंगठा पुन्हा लाल.

सासूबाईंच्या हट्टामुळे त्याच आठवड्यात मी कामावरून परस्पर टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेले. रांगेत उभं राहून कंबर मोडली. समोर पोहोचल्यावर हात जोडले, पण मागायचं काय ते ठरलंच नव्हतं. त्यांना पास कर म्हणायला जीभ वळेना आणि नापास कर म्हणायची लाज वाटली. मागून धक्का आला तशी मी "बघ बाई तूच" असं काहीतरी पुटपुटले आणि पुढे सरकले.

रजा संपली, ते गेले. शेवटच्या संध्याकाळी अंगठा एकदाही लाल झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी घर आवरताना मला लाल ठसे दिसायला लागले. हॉलच्या बटणांवर, फ्रिजच्या दारावर, चहाच्या कपाच्या कानाला. कप मी धुतला. बाकीचे पुसायला वेळ झाला नाही, असं स्वतःला सांगत राहिले.

फोन आला तेव्हा मी कामावर होते. कोपऱ्यात गेले, एका कानात बोट घातलं.

"दिवसा जमलं," ते म्हणाले. "अंधारात घेतली तेव्हा गेला खाली."

"परत संधी नाही का?"

"दिली. परत गेला."

मला वाटलं होतं, ही बातमी आली की मी पेढे वाटीन. पण त्यांचा आवाज ऐकून मला माझ्याच इच्छेचा राग आला. "तुमच्यासारखा दुसरा कोण आहे त्यांच्याकडे?" असं मी चक्क भांडल्यासारखं म्हणाले. मग ते म्हणाले, "पोरं चांगली आहेत गं. खूप चांगली आहेत."

त्यांना कोतमध्ये बसवलं, म्हणजे जिथे हत्यारं ठेवतात तिथे. पोरांना नवीन पिस्तुलं द्यायची, परत घ्यायची, आणि जमा झालेली जुनी तेल लावून पेट्यांत भरायची. बिल्डिंगला मी इतकी वर्षं सांगत आले ते खोटं असं खरं झालं. "मी आणि ती जुनी पिस्तुलं एकदमच जमा झालो," ते फोनवर म्हणाले. हसत म्हणाले, पण मला ते हसणं आवडलं नाही. आता फोन रोज रात्री जेवणं झाल्यावर येतो, एकाच नंबरवरून. क्वार्टरला अजून नंबर लागायचाय.

होळीला ते पुन्हा रजेवर आले. रविवार सकाळ, हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले, सासूबाई बाल्कनीत पापडांची राखण करत होत्या. मी टॉवेल घेतला, कपाटावरची दुधाची पिशवी घेतली, फोन आत घातला, तोंडाला गाठ मारली आणि बाथरूमकडे निघाले.

"अंगठा!"

मी दचकून थांबले. ते पेपरावरून माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होते. मला आधी कळेचना. मग कळलं, आणि हसूही आलं आणि रडूही. मी कुणाच्या फोनची वाट बघत होते? माणूस समोर बसला होता, पायात माझ्याच स्लिपर घालून.

त्यांनी हात पुढे केला. मी पिशवी त्यांच्याकडे दिली आणि आत गेले. कडी लावली, नळ सोडला. खिडकी रिकामी होती. पाण्याच्या आवाजात सारखी रिंग वाजल्यासारखं वाटत होतं. नळ बंद करून ऐकलं, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. शेवटी कानामागचा साबण तसाच ठेवून मी गाऊन अंगात अडकवला आणि बाहेर आले.

ते तिथेच बसले होते. पेपर बाजूला ठेवलेला, पिशवी दोन्ही हातांत धरलेली.

"नाही आला कुणाचा," ते म्हणाले. "जा, नीट आंघोळ करून ये."