आमच्याच मुठीचं धान्य

"आधी गुडघे टेक, मग देते."

चर्चमध्ये, भर मंडळीसमोर मॅडम माझ्या मायला हे म्हणाल्या. हातात धान्याची पिशवी. पुढच्या बाकावर नागपूरहून आलेले पाहुणे मोबाईल रोखून बसलेले. मायला नुकताच चिकनगुनिया होऊन गेला होता. गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले. संडासला बसायचीसुद्धा तिची पंचाईत होती, आणि या बाईला ती गुडघ्यावर हवी होती. फोटोसाठी.

मी तेव्हा दहावीत होते.

वणीच्या बाहेर, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याला आमची वस्ती. आम्ही नवे विश्वासी. मॅडम जुन्या, आजोबांपासूनच्या ख्रिस्ती, हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. प्रभूपुढे सगळे सारखे, असं पाळक सांगायचे. पंखे मात्र पुढच्या बाकांवर होते. आम्ही मागे सतरंजीवर बसायचो.

बाप नव्हता. माय कापूस वेचायला, निंदायला जायची आणि बाकी सगळं देवावर सोडायची. पिठाच्या डब्याचं झाकण उघडायच्या आधी त्यावर हात ठेवून म्हणायची, "बापा, आजचं भागव." मीठ संपलं की प्रार्थना. माझी चप्पल तुटली की प्रार्थना. मला हसू यायचं. पण भागायचं. कुणीतरी शेजारीण वाटीभर काहीतरी घेऊन यायचीच, आणि माय तिच्याआधी देवाचे आभार मानायची.

आमच्या बायकांची एक रीत आहे. भात टाकताना, पीठ काढताना एक मूठ देवाची म्हणून बाजूला ठेवायची. रविवारी ती मंडळीतल्या पिंपात ओतायची, गरजूंसाठी. बंगल्यांतल्या बाया मूठ काढत नाहीत. त्या पाकीट टाकतात. पिंप भरायचं ते वस्तीतल्या चुलींवरून.

तापात कामं सुटली. रेशन संपत आलं. तरी मायनं मूठ चुकवली नाही. मी भांडले तर म्हणाली, देवाचं ठेवलं तर आपलं उरते. शेवटी एका रविवारी ती प्रार्थनेची विनंती सांगायला उठली. घरात दाणा नाही, कामावर जाता येत नाही, माझ्यासाठी मागा. एवढंच बोलली. त्यावर मॅडमनी समोर उभं राहून तिलाच शिकवलं. विश्वास पक्का असला की उणं पडत नाही, कुठं चुकतंय ते स्वतःला विचार. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मायनंसुद्धा.

आणि पुढच्या रविवारी ही पिशवी.

माय बाकाचा काठ धरून वाकायला लागली. एक गुडघा खाली जाईना. ओठ दाबून धरलेले. मॅडम वरून सांगत होत्या, म्हण, देवानं मॅडमच्या हातून माझी प्रार्थना ऐकली. पाहुण्यांपैकी एकजण जरा डावीकडे सरका म्हणत होता, उजेड नीट येत नव्हता म्हणून.

मी मायला धरायला पुढे धावले, आणि पिशवीच्या उघड्या तोंडातून आतलं धान्य दिसलं. ज्वारी, रेशनचा जाडा तांदूळ, मधे तुरीच्या डाळीचे दाणे. सगळं एकत्र. असं कालवलेलं धान्य कुठल्या दुकानात मिळत नाही. ते फक्त आमच्या पिंपात होतं. त्यात मायची मूठ होती. तापात फणफणत असताना काढलेली. तीच तिला भीक म्हणून परत मिळत होती, वर गुडघे टेकून.

मला किळस आली. त्या पिशवीची नाही. ती धरलेल्या, क्रीम लावलेल्या मऊ हाताची.

"मॅडम, हे आमच्याच वस्तीच्या मुठीचं धान्य आहे. माही माय याच्यासाठी गुडघे टेकनार नाही."

पाळकांनी मान खाली घातली आणि ते बायबलची पानं चाळू लागले. मॅडम म्हणाल्या, हिला कुणी वळण लावलं नाही वाटतं. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मागितली नाही, घेतली. दुसऱ्या हातानं मायला उठवलं.

रस्ताभर माय रडली. माझ्यावरच चिडली. "देवाच्या घरात तमाशा केला तुनं. काहून केला?" घरी येऊन तिनं ते धान्य निवडलं, चुलीवर आधण ठेवलं, आणि आधी एक मूठ बाजूला काढली. माझं डोकंच फिरलं. पुन्हा त्या बाईच्या पिंपात टाकणार का, म्हणून ओरडले.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मूठ तिची कवा होती? देवाची आहे. कुठं न्यायची ते आता आपन पाहू."

त्या आठवड्यापासून वस्तीतली मूठ पिंपात गेली नाही. जिच्या घरी चूल थंड, तिच्या दारात गेली. साक्ष नाही, फोटो नाही. मंडळी फोडली म्हणून आमची नालस्ती झाली. होऊ दे.

आता मी वणीतच एका दवाखान्यात काम करते. मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. फार गोड आवाज. मंडळीच्या वर्धापनदिनी वस्तीतल्या बायांना घेऊन ये, मंडळीनं तुम्हाला कसं जगवलं त्याची साक्ष दे, पाहुणे येणार आहेत. एवढी वर्षं गेली, बाई तशीच.

देवाकडे मी आजही मागते. पीठ, मीठ, बसमध्ये जागा, मायच्या गुडघ्यांना आराम. बापाजवळ मागायला लाज कसली. पण त्याच्या आणि माझ्या मधे जो कुणी पिशवी घेऊन उभा राहील, त्याला मी हातानं बाजूला सारीन.

येते म्हणून सांगितलंय. वस्तीतल्या सगळ्या बाया येणार आहेत. सतरंजीवर नाही, पुढच्या बाकांवर बसणार आहोत. मोबाईल चालू ठेवा म्हणणार आहे. मग पिंप कोण भरतं, ते उभ्यानं सांगणार आहे.